पहिलं पिस्तूल घेताना वजन किती पाहावं? हलकं घेतलं तर धक्का जास्त बसतो का?

डॅलसकर:
नमस्कार मंडळी. रेंजवर सरावासाठी आणि घरात ठेवायला ९ मिमीचं पहिलं सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल घ्यायचं आहे. मी टेक्सासात राहतो, ग्रीन कार्ड आहे. बायकोही चालवणार, तिचा हात लहान आहे. कमरेला लावून फिरायचं नाही. दुकानदाराने ग्लॉक ४३एक्स पुढे केलं, म्हणाला, "हलकं आहे, नवशिक्याला बरं." यादीत ग्लॉक १९ आणि बेरेटा ९२एफएससुद्धा आहेत. वजनाने धक्क्यात खरंच किती फरक पडतो? जाणकारांनी आकड्यांत सांगितलं तर बरं होईल.

आडगणित:
दुकानदाराचं बरोबर उलटं आहे. हलकं पिस्तूल खिशाला बरं, मनगटाला नाही.

आकडेच हवेत तर घ्या. ११५ ग्रेनची गोळी म्हणजे साधारण ७.४५ ग्रॅम, वेग सेकंदाला ३५० मीटरच्या आसपास. जळालेल्या दारूचा वायू धरून एकूण संवेग (वस्तुमान गुणिले वेग) ३ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंदाच्या जवळ जातो. हा संवेग तिन्ही पिस्तुलांत जवळपास तोच. पण पिस्तुलाला मिळणारी धक्क्याची ऊर्जा म्हणजे संवेगाचा वर्ग भागिले दुप्पट वस्तुमान. वस्तुमान वाढलं की ऊर्जा त्याच प्रमाणात उतरते.

वजन मात्र भरलेल्या पिस्तुलाचं धरा, जाहिरातीतलं रिकामं नको. एक काडतूस अंदाजे १२ ग्रॅम. ४३एक्स रिकाम्या मॅगझिनसह सुमारे ५३० ग्रॅम, १० राउंड भरून ६५०. ग्लॉक १९ सुमारे ६७०, १५ राउंड भरून ८५०. बेरेटा सुमारे ९४५, भरून १,१२५. ऊर्जा अनुक्रमे ६.८, ५.२ आणि ३.९ ज्यूल येते.

गंमत पुढे आहे. मॅगझिन रिकामं होत जातं तसं पिस्तूल हलकं होतं. ग्लॉक १९ मधल्या शेवटच्या राउंडचा धक्का ६.५ ज्यूलच्या आसपास, म्हणजे ४३एक्सच्या पहिल्या राउंडपेक्षाही थोडा कमीच. ४३एक्सचा शेवटचा ८ च्या वर जातो.

मूठ_आवळून:
गणित बरोबर, पण हाताला ज्यूल कळत नाहीत. हाताला कळतं ते नळी किती वर उडते आणि किती झटकन उडते. नळीचा अक्ष मुठीच्या जितका वर, तितकी उचल जास्त. ग्लॉकची नळी हाताच्या बरीच जवळ बसते, बेरेटाची थोडी वर. म्हणून बेरेटाचा गणितातला फायदा हातात थोडा कमी भरतो, जात मात्र नाही.

वहिनींच्या हाताचा प्रश्न मला वजनापेक्षा मोठा वाटतो. बेरेटाची मूठ जाड, आणि पहिली गोळी डबल-अॅक्शनने (चाप ओढूनच घोडा उठवून) झाडायची तर चाप लांब आणि जड, ५ किलोच्या आसपास. बोट पोचावं म्हणून हात बाजूला सरकवला की नळीची रेघ मनगटाच्या रेषेतून सुटते आणि धक्का अंगठ्याच्या सांध्यावर येतो. मग ते जास्तीचं पाव किलो वजन वाया.

कसं तपासायचं: रिकामं पिस्तूल, चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) डोळ्यांनी पाहून आणि बोट घालून खात्री केलेलं, सुरक्षित दिशेला धरून. अंगठा आणि तर्जनीमधली बेचकी मुठीच्या माथ्याला घट्ट टेकलेली हवी, नळी कोपराच्या रेषेत हवी. तसं धरून बोटाचं पेर चापावर पोचत नसेल तर ते पिस्तूल त्या हाताचं नाही.

डॅलसकर:
धन्यवाद. दोन शंका. तिला स्लाइड (पिस्तुलाचा मागे सरकणारा वरचा भाग) ओढणं जड जातं. आणि .३८० (९ मिमीहून कमी ताकदीच्या काडतुसाचं) घेतलं तर धक्का आपोआप कमी नाही का?

आडगणित:
.३८० ची गोळी कमजोर, संवेग ९ मिमीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास. पण त्यातली बरीच जुनी रचनेची पिस्तुलं ब्लोबॅक असतात. त्यांत नळी कुलूपबंद नसते, स्लाइडचं वजन आणि स्प्रिंगची ताकद हेच दार. म्हणून स्प्रिंग कडक ठेवावी लागते. वॉल्थर पीपीके पोलादी असूनही हाताला बोचतं ते यामुळेच. .३८० घ्यायचंच तर लॉक्ड-ब्रीच (गोळी सुटताना नळी आणि स्लाइड एकमेकांत कुलूपबंद असणारं) बघा, आणि खिशातलं २७०-३०० ग्रॅमचं पिल्लू घेऊ नका, नाहीतर मिळवलेलं सगळं वजनात गेलं.

लहान पिस्तुलाची स्लाइड हलकी असते, तिला थोड्या अंतरात थांबवायला स्प्रिंग कडक लागते. म्हणून छोटं तेवढं ओढायला जड. बेरेटात हॅमर (घोडा) आधी मागे ओढून मग स्लाइड ओढली तर बरीच हलकी जाते. ग्लॉकमध्ये ती सोय नाही. तिथे डाव्या हाताने स्लाइड ओढण्याऐवजी ती घट्ट धरून उजव्या हाताने मूठ पुढे ढकलायला शिकवा.

स्प्रिंग बदलून धक्का कमी करण्याच्या फंदात पडू नका. कडक घातली तर स्लाइड पुरती मागे जात नाही आणि रिकामी पुंगळी उभी अडकते. मऊ घातली तर स्लाइड फ्रेमवर आदळते.

मूठ_आवळून:
पुंगळी अडकण्यावरून: हलक्या पिस्तुलात मनगट ढिलं राहिलं तरी तेच होतं. स्लाइडबरोबर फ्रेमही मागे पळते, स्लाइडला पुरता प्रवास मिळत नाही. वजनदार फ्रेम जागेवर राहते, चूक पोटात घालते.

परवानावाला:
मध्येच बोलतो. वहिनींचंही ग्रीन कार्ड आहे ना? एच-१बी, एच-४ वगैरे नॉन-इमिग्रंट व्हिसावर असणाऱ्याला अमेरिकेत केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगता येत नाही. वैध शिकार परवान्यासारखे अपवाद आहेत, पण ते वकिलाला विचारून. इतर वाचकांनीही हे लक्षात ठेवावं. आणि पुढे भारतात न्यायचा विचार असेल तर सोडा, ९ मिमी तिथे प्रतिबंधित बोअर (कॅलिबर) आहे.

डॅलसकर:
दोघांचंही ग्रीन कार्ड आहे. कल ग्लॉक १९ कडे आहे. त्यावर टॉर्च लावून वजन वाढवलं तर?

आडगणित:
चालतं. टीएलआर-१ एचएल ही पिस्तुलावरची टॉर्च सुमारे १२० ग्रॅमची आहे. भरलेलं पिस्तूल ९७० ग्रॅमवर जातं, धक्का साडेचार ज्यूलपर्यंत उतरतो. शिवाय वजन नळीच्या टोकाखाली, जिथून उचल होते नेमकं तिथे. वस्तू शोधायची टॉर्च म्हणून मात्र वापरू नका, जिकडे उजेड तिकडे नळी.

आधी रेंजवर तिन्ही भाड्याने घ्या. प्रत्येकात एकच राउंड भरून सुरुवात, मग दोन, मग पाच, ७ मीटरवर. ११५ आणि १४७ ग्रेन दोन्ही आणा. १४७ चा संवेग कमी नसतो, पण वेग कमी असल्याने अनेकांना झटक्यापेक्षा ढकलल्यासारखं लागतं. +पी (जास्त दाबाची) काडतुसं सध्या नकोत. कानात बोळे आणि वरून इअरमफ, दोन्ही. बंद रेंजमध्ये आवाजालाच लोक धक्का समजतात.

शेवटी कुणाला तरी मॅगझिनमध्ये एक स्नॅप कॅप (दारू नसलेलं नकली काडतूस) गुपचूप मिसळायला सांगा. ती लागली आणि नळीचं टोक खाली गेलं, तर अडचण धक्क्याची नाही, धक्क्याच्या धास्तीची आहे. त्या दिवशी खरेदी करू नका, तेवढ्या पैशांचे .२२ चे (छोट्या, अगदी कमी धक्क्याच्या काडतुसाचे) राउंड झाडा.