आजोबांची आई कन्नड होती का? थुंकीच्या डीएनए चाचणीवर किती भरवसा ठेवावा?

मागवाला:
नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा, पूर्व भागातला. घर पद्मशाली, घरात तेलुगू, गल्लीत मराठी. पणजोबा तेलंगणातल्या करीमनगरकडून मागावर काम करायला आले, एवढं नक्की. पण पणजी, म्हणजे आजोबांची आई, अक्कलकोटकडच्या कन्नड घरातली होती असं वडील सांगतात. काका म्हणतात, "कायतरी बोलू नका."

अमेरिकेतल्या मेहुण्याने दोन किट आणून दिले. एक मी केलं, एक धाकट्या भावाने. मला 'दक्षिण भारत' ७१ टक्के, 'श्रीलंका' १४, 'मध्य आशिया' २, बाकी किरकोळ. भावाला श्रीलंका ५ आणि मध्य आशिया शून्य. तेव्हापासून तो मला समरकंदी म्हणतो. सहा महिन्यांनी कंपनीचा मेल आला की निकाल सुधारलाय. उघडून बघतो तर श्रीलंका गायब! भाऊ मागून, "काय बघूलालास बे, देश बदलला का?"

थुंकी तीच, मग बदललं काय? आणि पणजीचा यात काही पत्ता लागतो का? जाता जाता एक: आधी अर्धा तास काही खायचं नसतं म्हणे. मी दहा मिनिटं आधी शेंगाचटणी-भाकरी खाल्ली होती. ते नडलं का?

जुळेसोलापूरकर:
शेंगाचटणी निर्दोष आहे. फार तर नमुना बाद झाला असता. शेंगदाण्यातून श्रीलंका येत नाही.

तुमच्या भाषेत सांगतो. डीएनएत सुमारे ३ अब्ज अक्षरं. त्यातल्या सहा-सात लाख जागा चिपवर वाचतात. हे वाचन बहुतेक बरोबर असतं. घोळ पुढे होतो. कंपनीकडे वेगवेगळ्या भागांतल्या लोकांचे नमुने साठवलेले असतात आणि तुमचे तुकडे त्यातल्या कोणाशी जास्त जुळतात हे संगणक ठरवतो. ज्याने आयुष्यात फक्त पानिपतच्या चादरी पाहिल्यात त्याच्यापुढे आपली चादर ठेवली तर तो पानिपतचीच म्हणणार. तेलंगणातल्या लोकांचे नमुने कमी असतील तर तुमचे तुकडे जवळच्या दिसणाऱ्या दुसऱ्या खणात पडतात. नवे नमुने आले की खण बदलतात, टक्केही बदलतात.

आमच्या भागाचं नावच जुळे, म्हणून जुळ्यांचं सांगतो. २०१९ मध्ये कॅनडाच्या सीबीसी वाहिनीने एकसारख्या जुळ्या बहिणींचे नमुने पाच कंपन्यांना पाठवले. कच्चा डीएनए ९९ टक्क्यांहून जास्त सारखा, तरी टक्केवारीत फरक निघाला. तुम्ही भाऊ-भाऊ तर साधारण निम्मेच सारखे, त्यामुळे थोडा फरक खराही असेल. पण २ टक्क्यांवरून समरकंदला जाऊ नका.

एक करून बघा. काही कंपन्या खात्रीची पातळी, म्हणजे किती खात्री असेल तरच प्रदेशाचं नाव दाखवायचं ती, ५० वरून ९० टक्क्यांपर्यंत वाढवू देतात. वाढवा आणि काय उरतं ते सांगा.

वंशावळवेडी:
पणजीचं मी सांगते. पणजीकडून सरासरी साडेबारा टक्के येतात, पण वाटा कमीजास्त होतो. आणि कन्नड ही भाषा आहे, डीएनएत भाषा नसते. अक्कलकोट आणि करीमनगरच्या माणसांत या चाचणीला दिसेल एवढा फरक असेलच असं नाही. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेतले थंगराज आणि हार्वर्डचे डेव्हिड राइख यांच्या चमूंनी दाखवलंय की भारतातल्या गटांची मोठी सरमिसळ साधारण १,९०० ते ४,२०० वर्षांपूर्वी झाली, नंतर जातीतल्या जातीत लग्नं घट्ट झाली. म्हणजे मूळ रंग सगळ्यांकडे थोडेफार तेच.

आईकडून मुलांना जाणारा मायटोकॉन्ड्रियल डीएनए असतो, पण तो पणजीकडून तुमच्या आजोबांपाशी येऊन थांबला. तुमच्यात तुमच्या आईचा आहे. आजोबांची सख्खी बहीण असेल तर तिच्यात आणि तिच्या मुलांत तो मिळेल. त्यातही 'एम' गट (आईकडच्या वंशाची एक मोठी शाखा) निघाला तर तो भारतभर सापडतो, अक्कलकोटचा शिक्का काही नसतो.

नातेवाईक जुळवण्याची यादी, म्हणजे ज्यांचा डीएनए तुमच्याशी जुळतो अशा इतर ग्राहकांची, टक्केवारीपेक्षा विश्वासाची. तीत अक्कलकोटचं कोणी जवळचं निघालं तर मानेन. मात्र एकाच जातीत पिढ्यान्‌पिढ्या लग्नं झालेल्यांत लांबचा भाऊ जवळचा दिसतो, तेवढं वजा करा. त्यापेक्षा तीर्थक्षेत्रातल्या उपाध्यायांच्या वंशावळीच्या वह्या बघा.

मीठभाकर:
हौस ठीक, पण भावाने परवानगी दिली म्हणजे सगळ्या घराने दिली का? २०२३ मध्ये ट्वेंटीथ्रीअँडमी या डीएनए चाचणी कंपनीच्या सुमारे ६९ लाख लोकांची माहिती चोरीला गेली. पासवर्ड बदलता येतो, डीएनए नाही.

मागवाला:
सगळ्यांचे आभार. खात्री ९० वर नेली. मध्य आशिया गेला, दक्षिण भारतही गेला. आता फक्त 'दक्षिण आशिया' दिसतंय. भावाला म्हटलं, समरकंद संपलं, तर आता म्हणतो, "मग मेहुण्याला सांग, पैसे परत माग."

काल भवानी पेठेत आत्याआजीकडे गेलो. आजोबांची सख्खी बहीण, वय ८६. विचारलं तर म्हणाली, "आई भाकऱ्या थापताना कन्नड गाणी म्हणायची. अण्णा चिडायचे, म्हणून ते घराबाहेर असतानाच." आणि दोन ओळी म्हणूनही दाखवल्या. मोबाइलवर घेतल्या आहेत, कोणाला कन्नड येत असेल तर अर्थ सांगा.

नळीत थुंकायला मात्र तयार नाही. "या वयात मला कुठं थुंकायला लावतोस," म्हणाली.