भावाशी अबोला असताना प्रभुभोजन घ्यावं का?

रबाळे_नाइट:
शनिवारची नाइट सकाळी सहाला सुटते. ट्रान्स-हार्बरने ठाण्याला उतरायचं, स्टेशनबाहेर एक कटिंग मारायचा आणि तसंच आठच्या मराठी उपासनेला. पण प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत भाकर नि द्राक्षरस घेण्याची वेळ आली की गेले चार महिने मी मागच्या बाकावर मान खाली घालून बसायचो. वडिलांच्या कळव्याच्या खोलीवरून धाकट्या भावाशी बोलणं बंद आहे. अशा मनाने वेदीपाशी कुठल्या तोंडाने जायचं?

या रविवारी गेलो. ठरवून नाही. रांग सरकली, शेजारच्या मावशींनी कोपराने ढोसलं आणि उठलो. गुडघे टेकले. प्रभुभोजनातली भाकरीची पातळ चकती टाळूला चिकटली, ती जिभेने सोडवता सोडवता डोळे भरून आले. "अहो कष्टी व भाराक्रांत जनहो... मी तुम्हांला विसावा देईन" हे येशूचं वचन शाळेपासून पाठ आहे, पण त्यातला "विसावा" त्या मिनिटभरात पहिल्यांदा कळला. बारा तास गळ्यात लोंबणारं कंपनीचं कार्ड काढून ठेवल्यावर मान कशी हलकी होते, तसं.

म्हणून माझं मत: हे मेज दमलेल्यांसाठी आहे. आधी लायक हो मग ये, असं असेल तर तिला कृपा कशाला म्हणायचं?

पाळकाचा_मुलगा:
डोळे भरून आले याचा आदर आहे, मत साफ अमान्य. बायबलमधलं 1 करिंथ 11:27 वाचा, पौलाचं करिंथच्या मंडळीला पत्र. "अयोग्य प्रकारे" खाणारा प्रभूच्या शरीरासंबंधाने दोषी ठरतो. आणि मत्तय 5:23-24 मधलं येशूचं वचन तर तुमच्यासाठीच लिहिल्यासारखं आहे: दान वेदीपुढे ठेव, आधी भावाशी समेट कर, मग ये. प्रभुभोजनाच्या आदल्या संध्याकाळी माझे वडील भांडण असलेल्या घरी सायकल हाणत जायचे. दोघांचा चहा एका टेबलावर झाल्याशिवाय उठायचे नाहीत. आता काय, सगळं आपापल्या मोबाइलसारखं खासगी.

रबाळे_नाइट:
करिंथचा अध्याय थोडा मागून वाचूया ना. पौल रागावलाय कशावर? मंडळी एकत्र जमते, काही जण आपलं जेवण आधीच उरकतात, एक उपाशी राहतो आणि दुसरा पिऊन मस्त होतो. गरिबाला ताटकळत ठेवून खाणं, हा तो "प्रकार". तिथे "अयोग्य माणसाने" म्हटलेलं नाही. तसं असतं तर शेवटच्या भोजनाला कोण बसलं असतं? शिष्य पेत्र त्याच रात्री येशूला ओळखतच नाही म्हणणार होता.

पाळकाचा_मुलगा:
पेत्राचा मुद्दा चांगला आहे, मान्य. पण पुढचीच ओळ आत्मपरीक्षा करा म्हणते. ती तुम्ही चहाच्या टपरीवर सोडून आलात.

तलावपाळी_वसईवाली:
मी कॅथलिक, माहेर वसई, आता ठाण्याच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चमध्ये मिस्सा (आमची उपासना) ऐकते. आमच्याकडे गंभीर पाप असेल तर आधी पापनिवेदन (धर्मगुरूपुढे पाप कबूल करणं), मगच ख्रिस्तप्रसाद, म्हणजे तुमचं प्रभुभोजन. त्यामुळे माझं पारडं पाळकाचा_मुलगा काकांकडे. (काका म्हटलेलं चालेल ना?) पण एक सांगते. आजीच्या काळी मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, म्हणून बायका पहाटेच्या मिस्सेला धावायच्या. आज उपास एका तासाचा आहे, 1964 पासून. लोक स्वतःला नालायक समजून वर्षवर्ष लांब राहायचे, तेव्हा 1905 मध्ये पोप दहावे पायस यांनी वारंवार, अगदी रोजसुद्धा घ्या म्हणून सांगितलं. पोप फ्रान्सिसनी 2013 मध्ये तर लिहिलं की हे परिपूर्णांचं बक्षीस नाही, दुबळ्यांसाठी औषध आहे. फक्त औषध घेताना डॉक्टरपासून दुखणं लपवू नये, एवढंच.

कोपरखैरणे_सेक्टर:
स्पष्ट बोलतो, राग नको. बारा तासांच्या नाइटनंतर कुणीही गुडघे टेकून शांत बसला तर त्याला विसावा वाटणारच. डे शिफ्ट मागून बघा.

रबाळे_नाइट:
मागितली होती. दिली नाही. 😀 पण मग चार महिने मागच्या बाकावरही शांतच बसलो होतो की. तिथे का नाही वाटलं?

आळंदी_वारी:
मी वारकरी घरातला. वाचताना काला आठवला. सप्ताहाच्या शेवटी सगळ्यांच्या शिदोऱ्या एकत्र कालवतात, तिथे कोण कुणाशी बोलत नाही हे विचारत नाहीत. कित्येकदा अबोला तिथेच सुटतो.

पाळकाचा_मुलगा:
काल्याबद्दल आदर आहे, पण प्रभुभोजनात ख्रिस्ताच्या मोडलेल्या शरीराची आठवण आहे. दोन्ही एकच म्हणणं दोन्हींवर अन्याय. मात्र "अबोला तिथेच सुटतो" हे वाचून थांबलो. वडिलांच्या त्या चहात हेच होत असेल कदाचित. असो. रबाळे, थेट विचारतो: रविवारनंतर भावाला फोन केलात?

रबाळे_नाइट:
मंगळवारी केला. उचलला नाही. रात्री त्याचा मेसेज आला, "काय?" एवढाच. अर्धा तास टाइप करून खोडतोय. खोलीचा विषय काढू की आधी आईच्या गुडघ्याचं विचारू?

तलावपाळी_वसईवाली:
आईचं गुडघ्याचं.