अनुभव धागा: एक रंग, एक गोष्ट आणि हातांना उद्योग (वय ३ ते ६)

धागाकर्ती

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीच्या छोट्या वाचनालयात महिन्यातल्या शेवटच्या रविवारी लहान मुलांसाठी गोष्टींचा तास असतो. आतापर्यंत गोष्ट सांगायची, दोन गाणी म्हणायची, खाऊ वाटायचा की झालं. आता प्रत्येक वेळी एकच रंग धरायचा आणि गोष्टीला जोडून मुलांच्या हातांना काहीतरी काम द्यायचं, असं ठरतंय. नेटवर शोधलं की लालसाठी अग्निशमन बंब, नारिंगीसाठी हॅलोविनचा भोपळा आणि आधीच कापून ठेवलेले कागद, एवढंच हाताला लागतं. मला तुम्ही स्वतः केलेलं ऐकायचंय. कुठल्या रंगाला कुठली गोष्ट घेतली, मुलांच्या हाती काय दिलं आणि त्यांनी त्याचं काय केलं? पसारा, डाग, रडारड सगळं लिहा.

पिवळ्याचा तास नुकताच झाला, तो सांगते. गोष्ट जेजुरीच्या यात्रेची होती, मीच रचलेली. एक लहान मुलगी बाबांच्या खांद्यावर बसून गड चढते आणि भंडारा उधळला की तिला सगळं जगच पिवळं दिसतं. पहिल्याच मिनिटाला एका मुलाने ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ची आरोळी ठोकली. मग काय, गोष्ट निम्मी राहिली आणि आरोळीच जास्त झाली. हळदीच्या पाण्याने रंगवून वाळवलेले ड्रॉइंग पेपर तयार होते. मुलांना कापसाची काडी आणि वाटीत खायच्या सोड्याचं पाणी दिलं. पिवळ्या कागदावर काडी फिरली की रेघ तांबूस-लाल उमटते, लिंबू लावलं की पुन्हा पिवळी. हळद क्षारात लाल होते, एवढाच तो खेळ. चुन्याने रंग आणखी भडक येतो, पण चुना लहान मुलांच्या हाती अजिबात देऊ नका, डोळ्यात गेला तर भलतंच व्हायचं. आणि आई-बाबांना आधीच सांगा की पांढरे कपडे घालून पाठवू नका. हळदीचा डाग साबण लावताच लाल होतो आणि माणसं घाबरतात. उन्हात वाळवला की फिका पडतो.

सोलापुरी चादर

मी सूत रंगवणाऱ्या कारखान्यात आयुष्य काढलेला माणूस. त्यामुळे नातवाच्या बालवाडीत मला ‘निळा कोल्हा’ सांगायला बोलावलं. पंचतंत्रातली गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. कुत्रे मागे लागलेला कोल्हा रंगाऱ्याच्या हौदात पडतो, निळा होतो, जंगलाचा राजा होतो आणि शेवटी कोल्हेकुई करून पकडला जातो. मी त्यात माझ्या धंद्यातली एक गोष्ट घातली. खऱ्या निळीचा हौद निळा नसतोच! आतलं पाणी पिवळट हिरवं असतं. कापड बाहेर काढलं तेव्हा ते हिरवट दिसतं आणि हवा लागली की डोळ्यांदेखत निळं होतं. म्हणजे आपला कोल्हा हौदातून निघाला हिरवा आणि पळता पळता निळा झाला. पोरं अशी थक्क झाली म्हणता! एक मुलगी मात्र हिशेबी निघाली. “मग तो हिरवा असतानाच झाडात का नाही लपला?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

खऱ्या हौदात कॉस्टिक (कातडी भाजणारा तीव्र क्षार) असतं, म्हणून तो लहान मुलांना दाखवायचा नाही. त्यांना मी पांढऱ्या मेणबत्तीचे तुकडे दिले. कोऱ्या कागदावर मेणबत्तीने कोल्हा काढा, दिसणार नाही, घाबरू नका. मग कपडे धुवायची नीळ पाण्यात पातळ करून स्पंजाने कागदावर फिरवा. मेणावर रंग चढत नाही, त्यामुळे निळ्यात पांढरा कोल्हा उमटतो. कोणाचा कोल्हा म्हशीसारखा, कोणाचा नुसता गोळा. ‘गोळा’वाल्याने सांगितलं, “तो घाबरून वेटोळा झालाय.” शेवटी सगळ्यांनी मिळून कोल्हेकुई. शेजारच्या वर्गाच्या बाई काय झालं ते बघायला धावत आल्या.

दोन वेण्या

@सोलापुरी चादर, काका, हे हिरव्याचं निळं होणं माझ्या चाळिशीतल्या डोक्यालाही नवीन आहे.

मी एकच सांगेन. मोठ्यांनी कापलेले तुकडे मुलांनी फक्त चिकटवायचे, असा कार्यक्रम नको. सगळ्यांचे मोर एकसारखे होतात आणि ज्याचा डोळा पायाजवळ चिकटला त्याच्या आईचा चेहरा पडतो. आमच्याकडे आम्ही पालकांना दाराबाहेर चहा देतो. मुलाचा कागद मूल बाहेर आणेल तेव्हाच बघायचा. तासात झालेला सगळ्यात मोठा बदल म्हणजे हा चहा.

कोरा कागद

बापाची बाजूही ऐका. ‘क्राफ्ट’ म्हणजे रात्री साडेनऊला “बाबा, उद्या हिरवा क्रेप पेपर न्यायचाय.” सगळी स्टेशनरीची दुकानं बंद. आमच्या शाळेत (नाव सांगत नाही) हिरव्या दिवशी हिरवा डबा, हिरवे कपडे, हिरवी वस्तू, हिरवा प्रोजेक्ट. लेकीला पालकाची भाजी अजून आवडत नाही, ती याच दिवशीपासून. तेव्हा धागाकर्ती, रंगाचा तास ठेवा, पण घरून काही आणायला सांगू नका ही हात जोडून विनंती. साहित्य तुमचं, पसारा तुमचा, आनंद आमचा.

धागाकर्ती

@कोरा कागद, मान्य! सगळं साहित्य वाचनालयाचं. निळ्याचा तास काकांच्या कोल्ह्यावरच ठेवते.

बोर्डीकडची ताई

मी डहाणू तालुक्यात अंगणवाडीत काम करते. आमच्याकडे पांढऱ्याचा तास करायला काही वेगळं आणावं लागत नाही. पोरांच्या घरच्या भिंतींवरच तो असतो. गेरूने किंवा शेणाने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाचा पांढरा. वारली चित्रांत लग्नाचा चौक (लग्नात भिंतीवर काढायचं चौकोनी चित्र) काढतात, तो बायका काढत आल्या. जिव्या सोमा म्हशे यांनी हे काम कागदावर आणि कापडावर नेलं, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. आमच्या पोरांना त्यांचं नाव माहीत आहे याचा मला अभिमान आहे.

मी दुकानातल्या खाकी पिशव्या फाडून त्यावर गेरू लावून वाळवते. तांदळाचं पीठ पाण्यात कालवून वाटीत घेते. बांबूची काडी टोकाला ठेचून तिचा ब्रश करते. गोष्ट पावसाची, भात लावणीची, ज्या दिवशी जे चाललंय त्याची. ‘आज कोणाच्या घरी काय झालं’ एवढं विचारलं तरी गोष्ट सुरू होते. माणूस काढायचा तर दोन त्रिकोण टोकाला टोक लावून, वर गोल डोकं. तीन वर्षांच्या मुलाला त्रिकोण येत नाही. तो ठिपके काढतो आणि सांगतो, “ह्यो पाऊस.” बरोबरच आहे त्याचं.

१९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते अनुताई वाघांसोबत कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आमच्या प्रशिक्षणात त्यांचं एकच ठासून सांगतात, की साहित्य मुलाच्या भोवतालचं घ्या. पीठ नि गेरूत आमचा तास पंचवीस पोरांचा होतो आणि खर्च जवळजवळ नाहीच.

जांभ्याची माती

गोव्यातून लिहिते. ताईंचा पांढरा वाचला आणि आमचा तांबडा आठवला. आमच्याकडच्या जुन्या देवळांच्या भिंतींवर ‘कावी’ काम असतं. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीच्या रंगाचा थर देतात आणि तो अणकुचीदार हत्याराने खरवडून आतला पांढरा बाहेर काढतात. एकाच रंगात अख्खी वेल, हत्ती, सगळं. मी बालवाडीत हेच सोपं करून घेते. पांढऱ्या जाड पुठ्ठ्यावर गेरू आणि पातळ डिंकाचा दाटसर थर लावायचा आणि तो ओला असतानाच आईस्क्रीमच्या काडीने ओरखडायचा. काडी नको असेल त्याने बोट वापरावं. चित्र चुकलं वाटलं की हात फिरवून पुसायचं आणि पुन्हा सुरू. ह्यात चूक होतच नाही, म्हणून रडारडही होत नाही. गोष्ट मी देवळातल्या हत्तीची सांगते, जो रात्री भिंतीवरून उतरून तळीवर पाणी प्यायला जातो.

पावसाळ्यात थर वाळायला फार वेळ लागतो, तेव्हा तर हे काम आणखीच छान जमतं.

अटलांटिकपार

न्यू जर्सीत रविवारी भरणाऱ्या मराठी शाळेत पाच वर्षांच्या मुलांचा वर्ग घेते. मुलांना रंग इंग्रजीत पाठ असतात, त्यामुळे ‘हा कोणता रंग’ विचारलं की कंटाळतात. म्हणून मी रंग विचारतच नाही, वापरायला लावते. हिरव्यासाठी बिरबलाची राजाच्या पोपटाची गोष्ट घेतली. पोपट मेलाय हे बादशहाला सांगायचं कोणी? “महाराज, पोपट खात नाही, पीत नाही, डोळे उघडत नाही...” पुढचं वाक्य मुलं पुरं करतात. “हलत नाही! बोलत नाही! आयपॅड बघत नाही!”

हातांना काम म्हणजे भेंडीचे ठसे. भारतीय दुकानात जून, जाड भेंडी मिळाली की ती आडवी कापायची. आतली पाच-सहा कोनांची चांदणी हिरव्या रंगात बुडवून उठवली की पोपटाची पिसं तयार. कोवळी भेंडी दबून चिकट होते, ती घेऊ नका. एका मुलाला भेंडी खायची नसते पण छापलेल्या भेंडीला त्याने नाव ठेवलं, घरी नेली आणि उशीजवळ ठेवली. आईने ती कुठे फेकायची हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

मागचा बाक

इथे थोडं वेगळं सांगते. ‘टोपीवाला आणि माकडं’ गोष्टीनंतर आमच्या मुलाच्या वर्गात कागदी टोप्या रंगांनुसार वेगळ्या करायचा खेळ होता. आमच्या मुलाने हिरव्या आणि तपकिरी टोप्या एकाच ढिगात ठेवल्या. ‘लक्ष देत नाही’ असा शेरा मिळाला. पुढे नेत्रतज्ज्ञांकडे लहान मुलांसाठीच्या ठिपक्यांच्या आकृत्या दाखवल्या, तेव्हा कळलं की त्याला लाल-हिरव्यात फरक कमी दिसतो. हे मुलींपेक्षा मुलग्यांत खूप जास्त असतं, कारण त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि मुलग्याकडे ते एकच असतं.

म्हणून तास घेणाऱ्यांना विनंती आहे. रंगाबरोबर दुसरी एक खूण ठेवा. हिरव्या टोपीवर पान, तपकिरीवर खोड. रंगीत खडूंवर नाव किंवा चिन्ह. आणि कोणी झाड तपकिरी रंगवलं तर “झाड असं असतं का?” म्हणू नका. तसाही उन्हाळ्यात आमच्या मराठवाड्यातला अर्धा डोंगर तपकिरीच असतो.

मीठमोहरी

माझ्या भाचीला ओला रंग हाताला लागलेला चालत नाही. ओरडते, पळून जाते. सगळ्या मुलांना बोटांनी रंगवायला लावलं की ती बाहेर पडते. मग मी झिपच्या पिशवीत पिवळ्या आणि निळ्या रंगाचे दोन थेंब टाकले, हवा काढून तोंड टेपने बंद केलं आणि तिच्या हातात दिली. पिशवी चोळायची, आतून हिरवा होतो. हात कोरडे. त्या दिवशी इतर मुलांनीही रंग सोडून पिशव्याच मागितल्या. तीनाच्या आतली मुलं असतील तर मणी, साबुदाणा, डाळी नकोत, नाकात घालतात. चिकटवायला खळ वापरा, कोणी चाटली तरी फिकीर नाही.

रविवारची आजी

खळीचं मी सांगते. एक वाटी पाण्याला दोन चमचे मैदा, गाठी मोडून मंद आचेवर दाट होईपर्यंत हलवायचं. गार झाली की लावायची. चिमूटभर मोरचूद घालायची जुनी पद्धत होती, ती मुलांसाठी नको. मोरचूद विषारी असतो. ताजी करा, उरली तर फेकून द्या.

माझ्या पेटीत जुन्या साड्यांचे काठ, चोळीचे तुकडे आहेत. अबोली, मोरपंखी, डाळिंबी, आमसुली, चिंतामणी. एकेक तुकडा काढते आणि तो कोणाचा होता ते सांगते. “ही आमसुली साडी नेसून मी पावसात भिजले आणि रंग पायावरून ओघळला.” मुलं आपल्याला आवडेल तो तुकडा घेतात आणि कागदावर चिकटवून त्याभोवती काहीतरी काढतात. कोणी त्या काठाची नदी केली, कोणी रेल्वे. आमसूल काय असतं हे एकाला माहीत नव्हतं, तेव्हा डब्यातलं काढून चाखायला दिलं. तोंड आंबट झालं, पण रंग कळला.

धागाकर्ती

आजी, तुमची पेटी घेऊन आमच्याकडेच या, मी गंभीरपणे म्हणतेय. नारिंगी अजून कोणी लिहिलेला नाही. पळसाची फुलं मिळतील का?

दोन वेण्या

फुलं फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात, शहराबाहेरच्या रस्त्यांवर खाली पडलेल्या फुलांचा सडाच असतो. झाडावरची तोडू नका. रात्रभर पाण्यात भिजवली की सकाळी केशरी पाणी. वर्षभर हवी असतील तर काष्ठौषधीच्या दुकानात वाळलेली मागा. ती गरम पाण्यात उकळून फडक्यातून गाळा.

सोलापुरी चादर

काळ्याला सगळे विसरलात. संक्रांतीला काळं नेसतो की आपण! आणि गोष्ट तर घरोघरची आहे. कावळा दार ठोठावतो, चिऊताई म्हणते, “थांब, माझ्या बाळाला तीट लावू दे.” मुलांना कोळशाचा तुकडा द्या आणि प्रत्येकाने आपल्या कागदावरच्या बाळाला तीट लावायची. आमच्या नातवाने स्वतःलाच लावली, मग मला, मग भिंतीला. भिंत अजून रंगवायची आहे.