माध्यम साक्षरता शाळेत शिकवावी का?

पानाडी (मूळ मांडणी):
शाळा वाचायला शिकवते. पण समोरचा मजकूर कोणी, कशासाठी आणि कोणाच्या पैशाने लिहिला, हे विचारायला क्वचितच शिकवते. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अमेरिकेतील ‘मिडल स्कूल’च्या (साधारण सहावी ते आठवीच्या) ८० टक्क्यांहून अधिक विद्यार्थ्यांना, ‘प्रायोजित मजकूर’ असे स्पष्ट लिहिलेले असूनही, ती जाहिरात बातमीच वाटली. उपकरण हाताळता येणे आणि मजकूर पारखता येणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. दुसरे कौशल्य, म्हणजेच माध्यम साक्षरता, प्रत्येक मुलाला घरी मिळेलच असे नाही, म्हणून ते शाळेने द्यावे.

शंकासुर:
निदान मान्य, औषध अमान्य. २०१६ च्या अमेरिकी निवडणुकीच्या काळात फेसबुकवर बनावट बातम्या कोणी पसरवल्या, याचा २०१९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की, ६५ वर्षांवरील लोकांनी सर्वांत तरुण गटाच्या जवळपास सातपट असे दुवे पुढे पाठवले. रोग आजोबांना आणि गोळी नातवाला! शिवाय सतत संशय घ्यायला शिकवलेले मूल विवेकी होईलच असे नाही. ‘सगळेच विकले गेलेले आहेत’ असे म्हणून ते मोकळे होण्याचा संभव अधिक. कटकारस्थानांवर विश्वास ठेवणारेही ‘स्वतः तपासून पाहा’ असेच सांगत असतात. आणि विश्वासार्ह स्रोतांची यादी ठरवणार कोण? ती सत्ताधाऱ्यांनी ठरवली, तर हा विषय आज्ञाधारकपणाचा धडा होईल.

खडूफळा:
मी शिक्षक असल्याने माझी भीती अधिक साधी आहे. विषय आला की परीक्षा आली, आणि मग ‘बनावट बातमीची पाच लक्षणे लिहा’ या प्रश्नाचे उत्तर मुले घोकून लिहितील.

पानाडी:
खडूफळा यांची भीती रास्त आहे, म्हणूनच मला स्वतंत्र विषय नको आहे. शंकासुर यांचा आकडा मात्र माझ्याच बाजूचा आहे, कारण त्या वयोगटाची शाळा इंटरनेट येण्यापूर्वीच संपली होती. राहिला संशयाचा मुद्दा. सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू या संशोधकांनी इतिहासाचे प्राध्यापक, स्टॅनफर्डचे विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्यतपासनीस यांना अनोळखी संकेतस्थळे पारखायला दिली. प्राध्यापक आणि विद्यार्थी बहुधा त्याच पानावर रेंगाळून बोधचिन्ह, मांडणी आणि भारदस्त नाव यांना भुलले. तपासनीसांनी मात्र ते पान लगेच सोडून, त्या संस्थेविषयी इतरत्र काय लिहिले आहे ते पाहिले आणि कमी वेळात अधिक अचूक निष्कर्ष काढला. यात सरसकट अविश्वास नाही, कोणावर विसंबावे याचा शोध आहे, आणि त्यासाठी मंजूर स्रोतांची यादीही लागत नाही. हीच सवय इतिहासात एकाच घटनेचे दोन वृत्तांत ताडून आणि गणितात शून्यापासून सुरू न होणारा, म्हणून फरक फुगवून दाखवणारा आलेख तपासून लावता येते. फिनलंडने २०१६ पासून लागू केलेल्या अभ्यासक्रमात बहुविध साक्षरता, म्हणजे शब्द, चित्र, आकडे अशा सर्व प्रकारचा मजकूर समजून घेण्याची आणि पारखण्याची क्षमता, अशीच सर्व विषयांत विणली आहे.

शंकासुर:
आलेखाचे उदाहरण पटले. तरीही दोन वृत्तांत ताडायचे म्हटले, तर त्यांपैकी एक पाठ्यपुस्तकातलाच असणार. पाठ्यपुस्तक चुकले असे विद्यार्थ्याने पुराव्यानिशी दाखवले, तर त्याला गुण देण्याची मुभा शिक्षकाला असेल का?

खडूफळा:
आज तरी नाही. उत्तरपत्रिका तपासताना आमच्या हाती नमुना उत्तरे असतात.

पानाडी:
मग ती मुभा हीच या योजनेची पहिली अट असली पाहिजे. ती मिळणार नसेल, तर माझाही या योजनेला विरोध राहील.