अनुभव धागा: घरचे गोड-तिखट काजू, बदाम, शेंगदाणे

फराळ सगळा घरचा आणि त्याच ताटात मसाला काजू मात्र पाकिटातले, असं आमच्याकडे बरीच वर्षं चाललंय. यंदा तेही घरी करायचेत. गूळ-मिरी म्हणा, मध-मिरची म्हणा, नावाशी घेणं-देणं नाही. गोड आणि तिखट दोन्ही लागलं पाहिजे, दाणा कुरकुरीत राहिला पाहिजे आणि डब्यात हात घातला की गठ्ठा वर येता कामा नये. ज्यांच्या घरी हे नेहमी होतं त्यांनी सविस्तर लिहा. "अंदाजाने घाला" म्हणणाऱ्यांनी आपला अंदाज कृपया चमच्यात सांगावा.

सावंतवाडी

आमचे काजू झाडाचे. पण शहरातल्यांनी हौसेने टरफलासकट बिया आणून गॅसवर भाजू नयेत. टरफलातलं तेल पेटतं, उडतं, आणि अंगावर पडलं तर कातडी सोलवटून काढतं. आम्हीसुद्धा घरात नाही, अंगणात जुन्या पत्र्यावर भाजतो आणि फोडताना हाताला राख चोळतो.

सोललेले गर घेताना पाकिटावर डब्ल्यू 240, डब्ल्यू 320 असं काहीतरी असतं. एका पौंडात साधारण किती गर बसतात तो हा आकडा, म्हणजे आकडा लहान तितका गर मोठा. मसाल्याला 320 पुरे. मी तर पाकळीच घेते. स्वस्त पडते, आणि सपाट बाजूवर मसाला चांगला धरतो.

पाव किलो गर जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर बारा-पंधरा मिनिटं कोरडे भाजायचे, हात सारखा चालता ठेवून. बिस्किटी रंग आला की लगेच परातीत काढा, कारण उतरवल्यावरही आतल्या उष्णतेने रंग चढत राहतो. त्याच कढईत चमचाभर तूप, दोन मोठे चमचे किसलेला गूळ. गूळ विरघळून फेसाळला की एक थेंब पाण्यात टाकून बघायचा. कडक झाला तर काजू घालून परतायचं, गॅस बंद, आणि मग जाडसर कुटलेली मिरी, मीठ. लाल तिखट नाही. गुळाला मिरीच शोभते.

पुणे

गूळ चवीला उत्तम, टिकायला नाही. हवेतलं पाणी ओढून घेतो आणि चार दिवसांत चिकट होतो. फराळाच्या डब्यात द्यायचं असेल तर साखरच घ्या.

पाव किलो भाजलेले बदाम किंवा काजू, चार मोठे चमचे साखर, दोन चमचे पाणी, सगळं एकदम कढईत. पाक उकळतो, आटतो, आणि मग बघता बघता पांढरा, भुकटीसारखा होऊन दाण्यांवर बसतो. बिघडलं असं वाटेल, पण तसं काही नाही. इथेच थांबलात तर साखरफुटाण्यासारखा खरखरीत दाणा मिळतो. आच तशीच मंद ठेवून हलवत राहिलात तर साखर पुन्हा वितळते, सोनेरी होते आणि दाण्याला चकाकी येते.

तिखट कधी घालायचं ते यावरच ठरतं. खरखरीत करायचे असतील तर पाक पांढरा होण्याच्या जरासं आधी तिखट-मीठ घाला, साखरेबरोबर तेही चिकटून बसतं. चकाकीवाले हवे असतील तर गॅस बंद केल्यावरच. साखर रंग धरते तेव्हा तापमान 160 अंशांच्या वर गेलेलं असतं. तेवढ्या आचेत तिखट पडलं तर करपतं आणि शेजारचेसुद्धा खोकत बाहेर येतात.

आंबटपणा हवा असेल तर शेवटी आमचूर भुरभुरा. पाकात लिंबू पिळू नका. आंबटाने साखर फुटते, मग चिकटपणा जात नाही.

सोलापूर

सगळे काजू-बदामावरच का अडलात? शेंगदाणे घ्या की. मिठाच्या पाण्यात अर्धा तास ठेवायचे, निथळून फडक्यावर पुरते वाळवायचे, मग कढईत जाडं मीठ तापवून त्यात भाजायचे. मिठामुळे आच सगळीकडून सारखी लागते, दाणा एका बाजूनं काळा पडत नाही. चाळणीनं चाळून घेतले की झाले खारे दाणे, मीठ पुढच्या वेळेला तेच.

गरम असतानाच चमचाभर तेल, लाल तिखट, पिठीसाखर. लसूण आवडत असेल तर सुकवून पूड करून घाला. ओला लसूण घातला तर सादळणारच.

आणि भाजायच्या आधी दाणे निवडा. सुरकुतलेले, काळपट, बुरशीचा वास येणारे सरळ टाकून द्या. मसाल्याखाली कडू दाणा दिसत नाही, पण बुरशीचं विष भाजल्यानं पुरतं जात नाही.

नाशिक

उपवासाला आमच्याकडे हेच होतं. शेंगदाणे आणि काजू तुपात तळायचे, त्यात बटाट्याचा तळलेला कीस, वरून जिरेपूड, तिखट, सैंधव आणि पिठीसाखर. हिंग-हळद नाही. चिवडा संपतो त्याच्या आधी त्यातले काजू संपतात, हा भाग वेगळा.

न्यू जर्सी

इथे पिकान (अक्रोडासारखे लांबट दाणे) स्वस्त मिळतात म्हणून आम्ही त्याचेच करतो. अंड्याचा एक पांढरा बलक फेसाळेपर्यंत फेटायचा, त्यात पाव किलो पिकान घोळवायचे, मग साखर, मीठ, तिखट, दालचिनी. ओव्हनमध्ये 300 फॅरनहाइटला, म्हणजे साधारण 150 सेल्सिअसला पाऊण तासाच्या आत होतात, मधे दोनदा हलवायचे. अंड्यामुळे मसाला घट्ट बसतो आणि पाकाची कटकट नाही. अंडं न खाणाऱ्यांना डबा देताना मात्र सांगायला विसरू नका. ऑफिसात नेणार असाल तर आत कुठले नट्स आहेत तेही डब्यावर लिहा.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. सोलापूरकर, तुमचं म्हणणं मान्य, दाणे निवडायला बसलेच आहे. एअरफ्रायरमध्ये कुणी करतं का?

ठाणे

मी करतो. आधी नुसते काजू, चमचाभर तुपात घोळवून, 150 अंशांवर सात-आठ मिनिटं. मसाला बाहेर काढल्यावर. आतल्या पंख्याने कोरडी पूड उडते आणि वरच्या कॉइलवर जाऊन जळते. कढीपत्ता तर अजिबात घालू नका. गूळ-साखरेचं काम कढईतच करा, जाळीला चिकटलेला पाक घासायला बायको येत नाही आणि मलाही येत नाही.

मुंबई

सादळण्याबद्दल. गार झाल्याशिवाय डबा बंद करायचा नाही, आतली वाफ दाण्यातच मुरते. परातीत किंवा बटर पेपरवर सुटे पसरा, कोमट असतानाच बोटांनी मोकळे करा. पावसाळ्यात मी एका मोठ्या डब्याऐवजी छोट्या बाटल्या भरते. मोठा डबा दर वेळी उघडला की हवा आत जाते. नुसते मसाल्याचे दाणे मऊ पडले तर पाच मिनिटं गरम करून परत कुरकुरीत होतात, पण गुळाचे पुन्हा तापवले की वितळतात. अक्रोड लवकर खवट होतो, तो फ्रीजमध्येच बरा.

सावंतवाडी

पुणेकर ताई, गूळ चार दिवसांत चिकट होतो हे खरं. आमच्याकडे चार दिवस टिकतच नाहीत.

पुणे

मग पाव किलोचं प्रमाण तरी कशाला दिलंत, अर्धा किलोचं द्यायचं ना!