नवी प्रणाली बसवल्यावर एसएएस कार्डावरील चारही डिस्क दिसेनाशा झाल्या

प्रश्न (अंबड, नाशिक):
नमस्कार. अंबड औद्योगिक वसाहतीतील आमच्या कारखान्यात रेखाचित्रे आणि हिशेब ठेवणारा एक सर्व्हर आहे. त्यावरील सेंटओएस ७ या लिनक्स प्रणालीचा आधार ३० जून २०२४ रोजी संपला, म्हणून गेल्या सुटीच्या दिवशी मी त्यावर रेड हॅट ९ च्या कुळातील प्रणाली बसवली. मदरबोर्डच्या साटा जोडणीवरील एसएसडीवरून ती व्यवस्थित सुरू होते; परंतु एलएसआय ९२११-८आय या एसएएस कार्डाला (डिस्क जोडण्याचे कार्ड) जोडलेल्या, एमडीएडीएम या लिनक्स साधनाने रेड ५ (एक डिस्क बिघडली तरी माहिती टिकवणारी एकत्र मांडणी) केलेल्या चारही डिस्क दिसतच नाहीत. या कार्डाचा एमपीटी३एसएएस ड्रायव्हर विनातक्रार लोड होतो, तरी एलएसबीएलके या आज्ञेने मिळणाऱ्या डिस्कच्या यादीत फक्त एसएसडी येते. कार्ड जळाले असेल का?

उत्तर १:
तसे वाटत नाही. यंत्रातील कार्डे दाखवणाऱ्या 'एलएसपीसीआय -एनएन' या आज्ञेत १०००:००७२ हा क्रमांक दिसला, तर कार्ड जिवंत आहे असे समजा. तो एसएएस२००८ चिपचा क्रमांक असून रेड हॅटने आठव्या आवृत्तीपासून त्याचा आधार काढून टाकला आहे. ड्रायव्हर ठेवला, पण तो हे जुने कार्ड स्वीकारत नाही, म्हणूनच आपल्याला त्रुटीही दिसली नाही. एक कळकळीची विनंती: घाईने एमडीएडीएमची 'क्रिएट' आज्ञा देऊ नका. रेडची मांडणी डिस्कवरच नोंदलेली असते, आणि चुकीच्या क्रमाने नवी मांडणी लिहिली गेली तर वर्षांचे काम हातचे जाईल.

उत्तर २:
वरील निदान बरोबर आहे. रेड हॅटच्याच कुळातील अल्मालिनक्स प्रणालीने ९.४ या आवृत्तीत (मे २०२४) अशा जुन्या कार्डांचा आधार परत आणला, तो एक मार्ग. प्रणाली बदलायची नसेल, तर ईएलरेपो या जादा ड्रायव्हर पुरवणाऱ्या संग्रहातील केमॉड-एमपीटी३एसएएस हे ड्रायव्हरचे पॅकेज घ्यावे. सिक्युअर बूट (स्वाक्षरी असलेलेच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू असल्यास ईएलरेपोची किल्ली आधी नोंदवावी लागते, अन्यथा कर्नल (प्रणालीचा गाभा) तो ड्रायव्हर नाकारतो. प्रणाली याच कार्डावरून सुरू होत असती, तर ड्रायव्हर इनिटरॅमएफएसमध्येही (यंत्र सुरू होताना आधी लोड होणारा छोटा संच) घालावा लागला असता. आपल्याकडे ती अडचण नाही.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. क्रमांक १०००:००७२ हाच निघाला. केमॉड बसवून यंत्र पुन्हा सुरू केल्यावर चारही डिस्क आल्या, 'असेंबल' आज्ञेने रेड जुळला आणि रेडची स्थिती दाखवणाऱ्या एमडीस्टॅटमध्ये चारही जागी 'यू' (डिस्क चालू) दिसला. आधी फक्त वाचनासाठी माउंट करून फायली तपासल्या आणि बाहेरच्या डिस्कवर त्यांची प्रत घेतली, मगच लेखनाची मुभा दिली. सुरुवातीला कोणत्या डिस्क माउंट करायच्या ते सांगणाऱ्या एफएसटॅब फायलीत 'नोफेल' घातले आहे, म्हणजे पुढे कधी ड्रायव्हर जुळला नाही तरी यंत्र आपत्कालीन अवस्थेत अडकणार नाही.

उत्तर २:
उत्तम. ९.४ वरून ९.५ अशा प्रत्येक बदलापूर्वी नव्या कर्नलसाठी केमॉड उपलब्ध आहे का, ते मात्र पाहत जा.