भीतीच्या रात्री काय धरून राहता? (अनुभव धागा)

होटगी_रोड
काल वावटळीत लाईट गेली. मेणबत्तीशी बसून बायबलमधलं स्तोत्र ४६ काढलं आणि आजीच्या घरची कुटुंबप्रार्थना आठवली. सध्या आपल्या चर्चच्या मंडळीतल्या दोन घरांतली माणसं आयसीयूत आहेत, एकाची नोकरी गेलीय. अशा वेळी काय वाचायचं, कशी प्रार्थना करायची, हाताशी येईल असं लिहा.
मी सुरुवात करते. ४६ मधलं 'शांत व्हा' ही अंगाई नाही. त्याच्या आधीच्याच वचनात धनुष्य मोडतंय, भाला तुटतोय. मूळ इब्री (हिब्रू) शब्दात हात सैल सोडण्याचा भाव आहे. म्हणून आधी मुठी उघडायच्या, खांदे सोडायचे, मग तोंड उघडायचं.

सात_रस्ता
आयसीयूत पाचच मिनिटं मिळतात. स्तोत्र २३ न्या, सहाच वचनं आहेत. कानाजवळ, नेहमीच्या आवाजात वाचा. चौथ्या वचनात 'तो'चा 'तू' होतो, मेंढपाळाबद्दल बोलता बोलता त्याच्याशीच बोलणं सुरू होतं. आणि ते होतं नेमकं अंधाऱ्या दरीत! तिथे थांबा, पेशंटचा हात धरा. मोठ्याने प्रार्थना नको, शेजारच्या खाटेवरही कुणाचा तरी जीव आहे.

विणकर_बाग
खरंय ताई. आणि बाहेर बाकावर बसलेल्यांना 'विश्वास कमी पडला' असलं काही कृपा करून म्हणू नका. स्तोत्र १३ बघा, पहिल्या दोन वचनांत चार वेळा 'किती काळ?' आहे. ८८ तर अंधारातच संपतं. तरी दोन्ही पवित्र शास्त्रात आहेत. रडणं हीसुद्धा प्रार्थनाच.

भैय्या_चौक
आमच्याकडे पाचव्या दिवशी पाणी, तेही रात्री दीडला 😔 तुमच्याकडे आलं का?

सात_रस्ता
पहाटे चारला येऊन गेलं काका. पिंपं भरून घ्या.

जुनी_मिल
सगळ्यांनी बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये'चा २७वा अध्याय पूर्ण वाचा, तुकडा नको. जहाज वादळात सापडलंय, सूर्य नाही, तारे नाहीत, जीव वाचायची आशाच सुटलेली. त्यावरचा प्रेषित पौल सांगतो, जीव कुणाचा जाणार नाही, पण तारू (जहाज) जाईल. इथेच आपली गल्लत होते. आपण तारवासकट सगळं वाचावं असं मागतो आणि तारू फुटलं की देवाने सोडलं समजतो.
चौदाव्या रात्री खलाशी पाण्याची खोली मोजतात. आधी वीस वाव (खोलीचं जुनं माप), मग पंधरा. खडक जवळ आला, म्हणून मागून चार नांगर टाकले आणि उजाडायची वाट पाहिली. रात्री एवढंच करायचं असतं. मोठा निर्णय घ्यायचा नाही, घर विकायचं नाही, राजीनामा लिहायचा नाही. नांगर टाकायचा.
आणि उजाडता उजाडता पौल काय करतो? भाकर घेऊन सगळ्यांदेखत देवाचे आभार मानतो, मोडतो, खातो. मग २७६ जणांना धीर येऊन तेही जेवतात. उपाशी माणसाला भीती जास्त लागते. प्रार्थनेला जाताना डबा न्या.

होटगी_रोड
काका 🙏 हे रविवारी उपासनेत सांगा ना.

कुमठा_नाका
यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं २९:११, चांगल्या भविष्याची आशा देणारं वचन, सगळ्यांच्या कॅलेंडरवर असतं. त्याच्या आधीचं दहावं वचन कुणी छापत नाही, तिथे बाबेलातल्या बंदिवासाची ७० वर्षं आहेत. आणि त्याआधी सांगितलंय की घरं बांधा, बागा लावा, त्या शहरासाठी प्रार्थना करा. नोकरी गेलेल्या भावाला ११ एकटं पाठवू नका, ५ पासून पाठवा. सोबत महिन्याचा किराणाही.

विणकर_बाग
गोळ्या बंद करून नुसता उपास धरणारेही असतात. शुगरवाल्यांनी तर अजिबात नको. शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता आणि पौलाने त्याला 'प्रिय' म्हटलंय.

भैय्या_चौक
आमेन. त्या आयसीयूवाल्या घरी आज रात्री कोण थांबतंय?

जुनी_मिल
मी नऊ ते दोन. पुढे कुणीतरी या.

भैय्या_चौक
दीडला पाणी भरून येतो. कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणतो, चालेल ना?

सात_रस्ता
दही पण आणा काका. त्या माउलीने सकाळपासून काही खाल्लं नाही.